नाशवंत, क्षणभंगुर, तात्पुरतं, औटघटकेचं... न टिकणाऱ्या गोष्टीला नक्की कुठला शब्द?

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्याला बहिणीकडे पार्सल पाठवायचं होतं, एका कुरियरवाल्यांच्या मराठी फॉर्मवर ओळ होती, "क्षणभंगुर वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत". त्यांना म्हणायचं होतं नाशवंत. कुणीतरी यंत्राला विचारलं असणार आणि यंत्राने पेरिशेबलला समोर आला तो शब्द देऊन टाकला. बरं, तिथल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला काकू दोन्ही एकच ना.

दोन्ही एकच नाहीत असं मला अगदी ठामपणे वाटतं, म्हणून हा धागा. कोशात बघितलं तर नाशवंत, नाशिवंत, नश्वर, क्षणभंगुर, क्षणिक, अनित्य, अल्पजीवी, तात्पुरतं हे सगळे जवळजवळ बसवलेले असतात पण बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा घालत नाही. देह नाशिवंत म्हणतो, दूध नाशवंत म्हणतो, सुख क्षणभंगुर म्हणतो, पूल तात्पुरता म्हणतो. तात्पुरतं दूध कुणी म्हणणार नाही आणि क्षणभंगुर पूल म्हटलं तर त्यावरून कुणी जाणार नाही.

माझं म्हणणं असं की नाशवंत या शब्दात एक मुदत आहे आणि त्या मुदतीत कुणीतरी हालचाल करायची आहे, माल उचला, सावलीत ठेवा, गार करा, विका, खा. क्षणभंगुरमध्ये करण्यासारखं काहीच नाही, ते फक्त जाणवून घ्यायचं. आणि तात्पुरतं म्हणजे मागून पक्कं काहीतरी येणार आहे असा वायदा (तो पाळला जातो का हा वेगळा विषय, आपल्याकडे तात्पुरते डायव्हर्जन किती वर्षं चालतात ते सगळ्यांना माहितीये).

अजून एक, तो शेवटचा वंत. गुणवंत, भाग्यवंत, शीलवंत, जातिवंत, सगळीकडे ज्याच्याजवळ काहीतरी चांगलं आहे तो. नाशवंत म्हणजे ज्याच्याजवळ स्वतःचा नाश आहे, आत घेऊनच आलेला आहे. मला हा शब्द फार आवडतो. नाशिकमध्ये तर हा शब्द एकीकडे मार्केट यार्डात आणि दुसरीकडे रामकुंडावरच्या प्रवचनात असा दोन्हीकडे ऐकू येतो, इतकं दोन टोकांना फिरणारे शब्द थोडेच असतील.

तुमच्याकडे कुठले शब्द वापरतात ते सांगा. शेतीवाल्यांनी तर नक्कीच लिहा.

शब्दांचा_मागोवा

ताई, छान विषय. थोडं व्याकरण घालतो.

नाश, नष्ट, नश्वर हे सगळे नश् धातूचे. पाणिनीच्या धातुपाठात त्याचा अर्थ दिलाय "णश अदर्शने", म्हणजे दिसेनासं होणं. मोडणं, फुटणं, कुजणं असं काही नाही, फक्त नजरेआड होणं. संस्कृतात नष्ट म्हणजे आधी हरवलेलं, मग संपलेलं. त्याच धातूतून आपल्याकडे नासणं आलं आणि ते मात्र अगदी नाकाला कळणारं झालं, दूध नासलं, नासकं अंडं, नासाडी. एकच धातू, तत्सम रूप पोथीत राहिलं आणि तद्भव रूप स्वयंपाकघरात.

भंगुर आलाय भञ्ज् पासून, मोडणं. त्यामुळे भंगुर म्हणजे खरं तर ठिसूळ, मोडून जाणारं. काच भंगुर आहे पण नाशवंत नाही. दूध नाशवंत आहे पण भंगुर नाही. हा फरक तुमच्या कुरियरवाल्यांच्या कामाचा आहे, कारण त्यांच्याकडे दोन वेगळे स्टिकर असतात!

क्षणभंगुर मागे तर मोठा इतिहास आहे. बौद्ध तत्त्वज्ञांचा क्षणभंगवाद, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी उत्पन्न होऊन मोडतच असते, आपल्याला ती सलग वाटते एवढंच. तो विचार मराठीत येईपर्यंत "चार दिवसांचं सुख" एवढाच उरला.

आणि अश्वत्थ विसरू नका. गीतेच्या १५व्या अध्यायातला वर मुळं खाली फांद्या असलेला. शांकरभाष्यात त्याची फोड आहे की जो श्वः म्हणजे उद्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही तो अ-श्व-त्थ. आता अश्वत्थ म्हणजे पिंपळ, जो एरवी शेकडो वर्षं उभा असतो, आणि त्याच झाडाला "उद्या नसणारा" म्हटलंय. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव नावाची किती गावं आहेत बघा, त्यातल्या पिंपळगाव बसवंतला सकाळी टोमॅटोच्या क्रेटची रांग लागते आणि तो टोमॅटो मात्र खरोखर उद्यापर्यंत थांबायला तयार नसतो.

कांदेवाला_निफाड

ताई तुम्ही शेतीवाल्यांना हाक मारली म्हणून लिहितो. आमच्याकडं शेतात नाशवंत कोणी म्हणत नाही, तो शब्द बाजार समितीच्या कागदावर आणि पेपरात. आम्ही म्हणतो माल टिकतो का, दम धरतो का.

कांद्याचंच घ्या. सरकार कधी त्याला नाशवंत म्हणतं कधी साठवणुकीचा माल म्हणतं आणि दोन्ही खरं आहे कारण कांदा एक नाहीच. खरिपाचा लाल कांदा येतो तो पाणी धरलेला, पत्ती (वरची सालं) कमी, मान जाड, तो काढला की विकायचा, घरात ठेवला तर आठवड्या दोन आठवड्यात वास सुटतो. रांगडा (लाल आणि उन्हाळच्या मधला) त्याच्यापेक्षा बरा पण त्याच्यातबी फार दम नाही. आणि उन्हाळ कांदा, जो डिसेंबर जानेवारीत लावायचा आणि मार्च एंडपासून पुढं काढायचा, तो चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टाकला तर दिवाळीपर्यंत जातो. एकाच नावाचं पीक, एक नाशवंत आणि एक टिकाऊ.

पण उन्हाळबी सगळा टिकत नाही. निम्म्या माना आपोआप पडल्या की काढायचा, पातीसकट वावरात तीन चार दिवस सुकवायचा, मग सावलीत, आणि पात कापताना बोट दीड बोट मान ठेवायची, मान उघडी राहिली तर तिथूनच सड शिरते. शेवटी शेवटी युरिया जास्त पडला असंल तर कांदा फुगतो, वजनाला चांगला दिसतो आणि चाळीत पाणी होऊन बसतो. जोड कांदा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला), हे आधी निवडून काढायचे. चाळीत वारा खेळता पाहिजे म्हणून ती उंचावर आणि अरुंद बांधतात, जास्त रुंद केली की मधला माल गरम होऊन सडू राहिला समजायचं.

आता शब्द सांगतो. कोंब आला तर म्हणायचं मोड आला. वरून काळी बुरशी धरली तर काजळी. पाणी सुटून वास आला तर सड. नुसतं वाळून वजन कमी झालं तर घट. लिलावात हे सगळं एकत्र करून "खाद" म्हणतात, म्हणजे खराब झालेला माल, त्याचा भाव वेगळा लागतो आणि तो भाव सांगायलाबी नको वाटतं. लहान कांदा म्हणजे गोल्टी, ती मात्र खराब नसते, नुसती बारीक.

तर नाशवंत हा एक शब्द पण आमच्या हिशोबात त्याचे चार प्रकार आणि चारीवर उपाय वेगळा. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं कृषक नावाचं केंद्र आहे २००२ पासून, तिथं कोबाल्ट ६० चे गॅमा किरण देतात, त्याने मोड थांबतो. सड थांबत नाही. सडका कांदा किरण देऊनबी सडतोच. हे न समजता लोक विचारतात की एवढं केंद्र असून कांदा का खराब होतो.

गोदाकाठची

भाऊ, फार मोलाचं लिहिलंत. "घट" हा शब्द मला नवीन, म्हणजे काहीच खराब न होतासुद्धा नुकसान. एक विचारते, थंडी पडली की घरातल्या टोपलीतल्या कांद्याला पटापट मोड येतात ते का? उन्हाळ्यात तोच कांदा गप्प असतो.

कांदेवाला_निफाड

बरोबर पाहिलंय तुम्ही. कांदा एकदम गारेत शून्याजवळ झोपतो नाहीतर २५ ते ३० डिग्रीच्या उन्हाळ्यात झोपतो. मधल्या थंडाव्यात जागा होतो. म्हणून आपली चाळ बिनविजेची असून चालते आणि म्हणूनच ऑक्टोबर नोव्हेंबरला सगळे चाळी रिकाम्या करायच्या मागं लागतात. फ्रीजमध्ये कांदा ठेवू नका, नुसता ओल धरतो.

पॅकहाऊस_दिंडोरी

इथे नाशवंत म्हणजे तास. द्राक्ष सकाळच्या गारव्यात तोडायचं, चार ते सहा तासांच्या आत प्रीकूलिंगला (झटपट गार करायला) गेलं पाहिजे, मग शून्य डिग्रीच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता, पेटीत सल्फर डायऑक्साइडचं पॅड. एवढं केलं तर रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये तीन चार आठवड्यांचा समुद्रप्रवास करून युरोपात घड ताजा उतरतो. यातला पहिला तास चुकला तर पुढच्या कोल्ड स्टोरेजला काही अर्थ राहत नाही कारण आधी मणी जात नाही, आधी देठ जातो. देठ तपकिरी पडला की मणी कितीही गोड असो, घेणारा शिळा माल म्हणून नाक मुरडतो. आमच्याकडचे शब्द: देठ सुकला, मणीगळ झाली, मणी मऊ पडला, पाणी सुटलं.

आणि त्याच द्राक्षाला डिपिंग ऑइल मारून रॅकवर सावलीत वाळवलं की बेदाणा, मग तो महिनोन्महिने राहतो. म्हणून मला गोदाकाठची यांचं "नाश आत घेऊन आलेला" पूर्ण पटत नाही. नाश पाण्यात आहे. पाणी काढा, माल टिकाऊ.

गोदाकाठची

पण पाणी काढलं की ते द्राक्ष राहिलं का? बेदाणा ही वेगळी वस्तू झाली, वेगळा भाव, वेगळं गिऱ्हाईक. द्राक्ष म्हणून जोवर आहे तोवर त्याचं पाणी त्याच्यातच असणार, आणि मी म्हणतेय ते तेच.

पॅकहाऊस_दिंडोरी

हम्म. विचार करण्यासारखं आहे. बेदाण्यालाही ओल लागली की तो चिकट होतो आणि रंग काळवंडतो, म्हणजे त्याचीही मुदत आहेच, फक्त लांब. ता.क. देवळालीहून दानापूरला ७ ऑगस्ट २०२० ला पहिली किसान रेल्वे सुटली तेव्हा सगळ्या बातम्यांत "नाशवंत शेतमाल" हाच शब्द होता, एकदाही क्षणभंगुर नाही :)

सुगरण_सिन्नर

मला वाटतं मराठीत न टिकण्याला एक शब्द शोधायचाच नाही कारण प्रत्येक पदार्थ आपापल्या पद्धतीने जातो आणि त्याला शब्द ठरलेला आहे. दूध नासतं नाहीतर फाटतं. वरण भाजी विटते. पीठ आंबतं, आणि इडलीचं पीठ तर आंबावं म्हणूनच ठेवतो, तेव्हा तो खराबीचा शब्द नाही, उरलेला भात आंबला तर मात्र खराबीचा. तेल, शेंगदाणे, सुकं खोबरं खवट होतं. चिवडा, पापड, बिस्किटं सादळतात. पिठाला जाळी लागते, गव्हात सोंडे होतात, लोणच्यावर बुरशी येते, शिळ्या भाजीला तार सुटते, कोथिंबीर पिवळी पडते, मेथी चिघळते. भेंडी जून होते, म्हणजे खराब नाही, फक्त वय झालं.

माझ्या सुनेची भाषा चांगली आहे पण ती सगळ्याला "खराब झालं" म्हणते. मग मला उठून डबा उघडून बघावा लागतो. सादळलं म्हणाली असती तर कढईत परतून घेतलं असतं, खवट म्हणाली असती तर टाकून दिलं असतं. शब्दातच पुढचं काम सांगितलेलं असतं, हे धाग्यात वर आलंय ते अगदी खरं.

आणि शिळं म्हणजे खराब नव्हे बरं का. शिळं म्हणजे कालचं. शिळी भाकरी कुस्करून कांदा मिरची घालून फोडणी दिली की घरातली ताजी पोळी बाजूला ठेवतात सगळे.

विटणं हा माझा आवडता. अन्न विटतं, कापडाचा रंग विटतो, माणूसही विटतो, तिन्हीत उतरलेपण आहे.

नवा_नाशिककर

एवढं कशाला, पेरिशेबल म्हणा की, सगळ्यांना कळतं. भाषा बदलत असते.

गोदाकाठची

बदलते हे मान्यच. टोमॅटो, क्रेट, कोल्ड स्टोरेज, हे शब्द मीही वापरते आणि ते मराठीच झालेत. पण पेरिशेबलने एकही गोष्ट सांगून होत नाही जी नाशवंतने होत नव्हती, आणि वर सुगरणताईंनी लिहिलेले सादळणं, चिघळणं, विटणं हे त्याच्याखाली दबून जातात. नवीन शब्द आला म्हणून माझी तक्रार नाही, जुन्यातला नेमकेपणा जातोय त्याचं वाईट वाटतं.

सुगरण_सिन्नर

+१

काळा_कोट

कायद्यात हा शब्द चांगला वजनदार आहे. १९३० चा माल विक्री कायदा, कलम ५४. विक्रेत्याला पैसे मिळालेले नाहीत आणि माल त्याने अडवून ठेवलाय, तर तो माल दुसऱ्याला विकण्याआधी पहिल्या खरेदीदाराला नोटीस देऊन वाजवी वेळ द्यावा लागतो. माल नाशवंत असेल तर नोटिशीची गरज नाही. म्हणजे इथे एका विशेषणावर हक्क फिरतो. करारात कुणी "क्षणभंगुर माल" लिहिलं तर समोरचा वकील त्यावर अर्धा दिवस घालवेल. निफाडच्या भाऊंनी लाल आणि उन्हाळ कांद्याचा फरक लिहिलाय तो वादात फार उपयोगी पडू शकतो, सौद्याच्या चिठ्ठीवर नुसतं "कांदा" लिहू नका.

गणित_मास्तर_रिटायर्ड

शीर्षकात औटघटकेचं लिहिलंय पण त्यावर कुणी बोललं नाही. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धा, प्राकृतातून अहुठ आणि मग औट. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते, त्यातली औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. घटका २४ मिनिटांची, म्हणजे औटघटका झाली ८४ मिनिटं. घटका मोजायची ती घटिकापात्राने, तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची, भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नात मुहूर्तासाठी ठेवायचे.

तर औटघटकेचं राज्य म्हणजे दीड तासाच्या आतलं. क्षणभंगुर इतकं हवेत नाही, मोजता येतं. मुदत ठरलेली आहे, ती संपणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे, आणि तरी गादीवर बसणारा ऐटीत बसतो, तो त्या शब्दाचा स्वाद आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस, नव्याचे नऊ दिवस, इथेही बघा, मराठी माणूस न टिकण्याला आकडा लावतो.

लेणी_भटक्या

सगळे न टिकणाऱ्यावर बोलताय, मी उलट्या बाजूने येतो कारण आपल्या पांडवलेण्यात (त्रिरश्मी लेणी) याच्या बरोबर विरुद्ध शब्द दगडात कोरलेला आहे. लेणे क्रमांक १०, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात म्हणजे ऋषभदत्त, त्याचा ब्राह्मी लिपीतला लेख. शब्द आहे अखयनिवी, संस्कृतात अक्षयनीवी. न झिजणारी ठेव.

व्यवहार असा. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, पण संघाच्या हातात दिले नाहीत, गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण. आणि स्पष्ट लिहिलंय की हे पैसे परत द्यायचे नाहीत, फक्त व्याज भोगायचं. २००० चं व्याज कशाला, तर लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्याच्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. आता मास्तर तुम्हीच करा, २००० वर महिना २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. हिशोब एका नाण्याचाही चुकलेला नाही.

यात मला दिसतं ते असं की अक्षय कशाला म्हटलंय. चीवर (भिक्षूचं वस्त्र) फाटणार, भिक्षू बदलणार, हे गृहीत धरूनच सगळं आखलंय. नाशवंत गोष्टींची दरवर्षी भरपाई होत राहील अशी सोय, तिला अक्षय म्हटलंय, कुठल्याही एका वस्तूला नाही. आणि तो व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून फलकावर नोंदवलाय म्हणजे पुराव्याचीही काळजी घेतली. श्रेण्या गेल्या, कार्षापण गेले, लेख वाचता येतो.

अक्षय शब्द आपण आता अक्षय्य तृतीयेपुरता ठेवलाय. क्षय हा शब्द मात्र अजून जिवंत आहे, दम निघून जात जात संपणं. नाश आणि क्षय यातही फरक आहे, कांदेवाल्या भाऊंची "घट" म्हणजे क्षय आणि "सड" म्हणजे नाश, असं मला वाचताना वाटलं.

शब्दांचा_मागोवा

वा! क्षि धातू, कमी कमी होत जाणं. घट आणि सड ही जोडी क्षि आणि नश् समजावायला मी वर्गात वापरणार.

पंचवटीकर

एक शब्द राहिला, निर्माल्य. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी कोमेजतं, पण त्याला आपण कोमेजलेलं, शिळं, कचरा काहीच म्हणत नाही. निर्माल्य म्हणतो. वस्तू संपली तरी तिने काय काम केलं ते शब्दात राहतं. दुर्दैवाने तोच मान देताना लोक ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गोदेत टाकतात, फूल कुजून जातं आणि पिशवी राहते. फूल नाशवंत आहे म्हणून ते नदीला चालत होतं. निर्माल्य कलशात टाका, त्याचं खत होतं, पिशवी घरी परत न्या.

येवल्याची_विणकर

उशिरा वाचलं. आमच्याकडे "कच्चा" आणि "पक्का" हेच दोन शब्द, कच्चा रंग धुण्यात जातो, पक्का राहतो पण उन्हात तोही विटतो. जर (जरीची तार) काळी पडते. आणि रेशीम घडीवर चिरतं. पैठणी वर्षानुवर्षं त्याच घडीत कपाटात ठेवली की घडीच्या रेषेवर धागा तुटतो, नेसून झिजलेली साडी रफू करता येते पण घडीवर चिरलेली आमच्याच्याने नीट होत नाही. त्याला आम्ही नाशवंत म्हणत नाही, "साडी बसून गेली" म्हणतो.

सुगरण_सिन्नर

ताई, मग घडी किती दिवसांनी बदलायची? माझ्याकडे सासूबाईंची आहे.

येवल्याची_विणकर

दोन तीन महिन्यांनी उलटी घडी घाला, सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये अजिबात नको आणि डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका. सासूबाईंची म्हणजे जरीची तार खरी असेल, काठाचा फोटो टाका इथे, सांगते.